सर्व्हरचे मंगळवार

इंदिरा नगर, लखनौ
७ मे २०२६

प्रसन्न,

मायना काय घालावा हे तीन वर्षांत ठरलेलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवर काही पाठवलं तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. कागद मात्र तू न वाचता टाकणार नाहीस. भेळेच्या पुडीचा कागद सरळ करून वाचणारा माणूस तू. आणि आई, पाकीट तुम्हीच आधी उघडलं असेल तर नमस्कार. गुडघ्यांचं तेल संपलं असेल तर कळवा, इथून पाठवते.

बातमी अशी, की तुझा सर्व्हर माझ्या गळ्यात पडलाय. आपल्या संस्थेत तुझ्या जागी आलेले गृहस्थ फेब्रुवारीत हैदराबादला निघून गेले. नवीन माणूस नेमायला सरकारी मुहूर्त सापडेना. मग एक दिवस संचालकांनी बोलावून सांगितलं, "मुक्ताजी, आपने तो घर में ही सब देखा है." कॉम्प्युटरवाल्याशी संसार केला म्हणजे बायकोला सर्व्हर आपोआप येतो, असा त्यांचा समज. मी झाडांच्या रोगांची बाई. पण जमणार नाही असं म्हणायची मला सवय नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. हो म्हणून आले.

आता तुझ्या त्या सर्व्हरची डायरी मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते. तो दिवसभर काय करतो ते एकेका ओळीत लिहून ठेवतो, आणि त्याची भाषा ऐकून पहिल्या आठवड्यात माझी झोप उडाली. एके दिवशी म्हणाला, स्मृती संपली, प्रक्रिया मारा किंवा पोराचा बळी द्या. दुसऱ्या दिवशी, अनाथ सापडले, साफ केले. तुझ्या या खात्यात इतकी हाणामारी चालते आणि तू घरी येऊन शांतपणे वरण-भात कसा जेवायचास? नंतर कळलं, की यातलं निम्मं रोजचं आहे आणि त्याचा अर्थ 'सगळं ठीक' इतकाच होतो. तेव्हापासून मी त्याला घाबरत नाही.

पण परवा मंगळवारी एक ओळ आली ती रोजची नव्हती. मराठीत सांगायचं तर अशी: 'डिस्कवर चूक सापडली, यापुढे फक्त वाचन.' म्हणजे सर्व्हरने ठरवलं, की आता मी आहे ते दाखवीन, नवीन काही लिहून घेणार नाही. हा स्वभाव मी कुठेतरी पाहिलाय. काचघरातल्या रोपांची मापं मिनिटामिनिटाला त्याच्याकडे येतात. ती सगळी दुपारभर दारात उभी राहिली आणि वाया गेली.

डायरीत त्या ओळीनंतर नीलमचं नाव आहे. नीलम म्हणजे आमची नवी टेक्निशियन. एम.एस्सी. झालीय, कंत्राटावर आहे, बख्शी का तालाबहून दोन टेम्पो बदलून येते आणि तरी माझ्या आधी पोचते. तिने आपल्या टेबलावरून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. त्यावरून संचालकांनी थेट निकाल लावला, की हिनेच काहीतरी छेडछाड केली. ती म्हणत होती, "मैम, मैंने बस रीस्टार्ट किया था." डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. मला ती तिथेच आवडली. दुपारी तिनेच माझ्या टेबलावर भंडाऱ्याच्या पुऱ्या आणून ठेवल्या होत्या. आई, तुम्हाला म्हणून सांगते, ज्येष्ठातल्या मंगळवारी इथे चौकाचौकात हनुमानाच्या नावाने पुरी-भाजी आणि सरबत वाटतात. बडा मंगल म्हणतात त्याला. आपल्या कॅलेंडरात अजून वैशाख चाललाय, पण लखनौच्या माणसाला जेवू घालायचा उत्साहच एवढा, की ज्येष्ठ लागायचीसुद्धा वाट बघवत नाही.

तुला काही विचारत नाहीये. नुसतं कळवतेय. हे कोडं मी सोडवणार आहे.

मुक्ता


१४ मे

प्रसन्न,

मंगळवारी पुन्हा तेच. तशीच ओळ, तसंच 'फक्त वाचन', आणि त्यामागे पुन्हा नीलमचं नाव. आता प्रकरण चौकशी समितीकडे गेलंय. पुढच्या बुधवारी बैठक आहे. तिचं कंत्राट या महिनाअखेरीला संपतं आणि नवं करायचं की नाही ते त्याच बैठकीत ठरणार. मुलीच्या घरात तिच्याच पगारावर चूल पेटते. फाइलवर एकदा निष्काळजी असा शिक्का बसला की दुसरी कुठली संस्था तिला दारात उभं करणार नाही. हे तुला मी काय सांगू?

मी काय केलं ते ऐक. सगळे जण शेवटची ओळ वाचत होते. मी झाडांची बाई. पान पिवळं पडलं म्हणून पानाला औषध चोळत नाही, खाली मुळाशी बघते. म्हणून डायरी उलटी वाचत वर गेले. 'फक्त वाचन'च्या वर डिस्कच्या तक्रारी. त्याच्या वर आणखी तक्रारी. आणि त्या सगळ्यांच्या वर, कोणी ढुंकून पाहिली नव्हती अशी एक साधी ओळ: 'तापमान मर्यादेबाहेर, वेग कमी केला.' म्हणजे डिस्क बिचारी शेवटी बोलली. आधी सर्व्हरला ताप चढला होता.

मग खोलीचा एसी बंद पडला का, हे विचारायला गेले. देखभालवाले म्हणाले, वीज गेलीच नाही. त्यांचं खरं होतं. यूपीएसच्या नोंदी मी पाहिल्या, त्यात वीज गेल्याचं नावसुद्धा नाही. संध्याकाळी खोली उघडून बघितली तर आत शाल पांघरावी असा गारवा. ताप आला कुठून आणि उतरला कधी, पत्ता नाही.

आता जे लिहितेय ते खुर्चीत नीट बसून वाच. मी तेवीस सालच्या मे महिन्याची डायरी काढली. तू जुन्या नोंदी पुसू द्यायचा नाहीस, त्यावरून सगळे तुला कंजूष म्हणायचे, म्हणून ती जागेवर होती. प्रसन्न, त्याच ओळी आहेत. आधी ताप, मग डिस्कची कुरकूर, मग फक्त वाचन, आणि त्यानंतर सर्व्हर पुन्हा चालू केल्याची नोंद. फक्त नीलमच्या जागी तुझं नाव. आणि चारही दिवस मंगळवार. मधली दोन वर्षं काही झालं नाही, कारण तू गेल्यावर सर्व्हर मुख्य इमारतीत हलवला होता. तिथलं छत गळायला लागलं म्हणून यंदा जानेवारीत तो परत मागच्या फाटकाजवळच्या खोलीत आला.

बडा मंगल मलाही सुचला. मागच्या फाटकाशी आपल्या स्टाफचा भंडारा असतो, गर्दी असते, काहीतरी होत असेल. पण हे तुलाही तेव्हा सुचलं होतं. आठवतंय? स्वयंपाकघरात आईंनी पाठवलेल्या कॅलेंडरसमोर तू उभा होतास, मी भाकरी थापत होते. जुलै उजाडला होता, भंडारे कुठल्या तारखांना झाले ते कोणाच्या लक्षात असणार. तू मागची पानं उलटून बोट फिरवलंस आणि म्हणालास, नाही, पहिले दोन मंगळवार वैशाखातले आहेत. आणि जूनमधले दोन ज्येष्ठातले असून तेव्हा सर्व्हर ठणठणीत होता. जमत नाही. मीही मान वळवून पाहिलं आणि म्हटलं, हो, वैशाखातलेच. मग तू ती शंका तेव्हा तुझ्या चौकशीला बसलेल्या समितीपुढे काढलीच नाहीस. त्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणालास, माहीत नाही. तुझ्यासारख्या माणसाला हे दोन शब्द म्हणायला किती जड गेलं असेल ते मला त्या रात्री तुझ्या पाठीकडे बघून कळलं होतं.

त्यानंतर तू राजीनामा दिलास आणि मला म्हणालास, चल नागपूरला. मी म्हटलं, खोट्या आरोपापायी गाव सोडायचं नसतं. तुला वाटलं मी संस्था निवडली. मला वाटलं तू मला सोडलंस. दोघंही अजून आपापल्या जागी बरोबरच आहोत आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

तू खोडलेलं मी पुन्हा तपासत नाही. तू एकदा नाही म्हणालास म्हणजे नाही, इतका भरवसा माझा अजून आहे. तेव्हा भंडारा नव्हे, दुसरं काहीतरी. पुढच्या मंगळवारी सकाळपासून मी त्या खोलीतच ठाण मांडून बसणार आहे.

हे मी नीलमसाठी करतेय. गैरसमज नको.

मुक्ता


२१ मे

प्रसन्न,

सापडलं.

मंगळवारी डबा, पाण्याची बाटली आणि विणकाम घेऊन सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसले. स्वेटर घालून बसले होते, बाहेर बेचाळीस अंश. बराच वेळ काही नाही. मग फाटकाकडून भोंगा सुरू झाला, भजन लागलं, आणि जरा वेळाने माझ्या डोक्यावरचा एसी एक आवंढा गिळून थांबला. दिवे चालू. सर्व्हर चालू. एसी तेवढा गप्प. मी स्वेटर काढला. थोड्या वेळात पदराने वारा घ्यायला लागले, आणि समोरच्या पडद्यावर तापाची ओळ उमटली.

मागचं दार उघडून व्हरांड्यात आले. भिंतीवरच्या सॉकेटातून एक काळी जाड वायर निघाली होती. तिचा माग काढत गेले. वायर फाटकापाशी मांडवात शिरत होती आणि तिच्यावर सरबताच्या बाटल्यांचा मोठा फ्रीजर, दोन जंबो कूलर आणि भोंगा, एवढं सगळं चाललं होतं. व्हरांड्याचं सॉकेट आणि आपल्या खोलीचा एसी एकाच लाइनवर आहेत. फ्रीजरने ओढ घेतली की विजेचा दाब उतरतो आणि एसीचा स्टॅबिलायझर त्याला बंद करतो. सर्व्हर यूपीएसवर, त्याला काही कळतच नाही. तो बिचारा घामाघूम होऊन आपलं काम करत राहतो. संध्याकाळी मांडव आवरला, वायर निघाली, की एसी परत सुरू. खोली गार, पुरावा गायब.

मी परत व्हरांड्यात जाऊन प्लग उपसला. भजन मधल्या ओळीत तुटलं. आणि आतून एसी सुरू झाल्याचा आवाज आला. प्रसन्न, इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. शंभर माणसं द्रोण हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. बुंदी वाढत होते स्वतः संचालक, कपाळाला शेंदूर, हातात झारा. मी म्हटलं, "सर, पाँच मिनट दीजिए. सर्वर को बुख़ार है."

आता खरी गंमत ऐक. मी तिथे हातात द्रोण घेऊन झाऱ्यासमोर उभी, आणि डोक्यावर मांडवाचा फ्लेक्स. त्यावर लिहिलेलं: 'ज्येष्ठ का तृतीय बड़ा मंगल.' तिसरा? घरी आईंच्या कॅलेंडरात यंदाचा अधिक ज्येष्ठ परवाच्या रविवारी लागलाय, म्हणजे हा ज्येष्ठातला पहिलाच मंगळवार. मी नीलमला विचारलं, तिसरा कसा? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मैम, पूर्णिमा के अगले दिन से जेठ लग गया था ना."

मी द्रोण खाली ठेवला. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, यांच्याकडे पौर्णिमेला. म्हणजे यांचा ज्येष्ठ आपल्याआधी पंधरा दिवस उजाडतो, आणि शुद्ध पक्ष तेवढा दोघांचा एक. शाळेत शिकलो होतो आपण हे, तूही आणि मीही. इतकी वर्षं इथे राहून मी समजत होते, की यांना पुऱ्यांची घाई असते. तिथेच उभ्याने तुझे चार मंगळवार मोजले. तेवीस सालच्या मे महिन्यातले ते चारही मंगळवार इथल्या ज्येष्ठातले. जूनमधल्या ज्या दोन मंगळवारांनी तुझं गणित मोडलं ते आपले ज्येष्ठातले, यांचे आषाढातले. तेव्हा भंडारा नव्हताच. तुझा पहिला अंदाज अचूक होता, आणि तो तू नागपूरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून स्वतःच खोटा पाडलास. हसू का रडू ते मला कळेना. मी दोन्ही केलं आणि मग सरबत प्यायले.

काल समितीची बैठक झाली. नीलमचं प्रकरण लगेच मिटलं, संचालक स्वतः साक्षीदार होते ना. कंत्राट पुढे चालू. ती उठून जायला लागली तेव्हा मी म्हटलं, थांब, अजून एक काम आहे. तेवीस सालच्या नोंदी टेबलावर ठेवल्या आणि शेजारी इथलं पंचांग. म्हटलं, "सर, तीन साल पहले भी यही तार था."

सगळे पंचांगावर वाकले. मग संचालकांनी चष्मा काढून विचारलं, "तो प्रसन्नजी ने उस वक़्त बताया क्यों नहीं?"

मी म्हटलं, "क्योंकि उनका कैलेंडर नागपुर से आता है."

आधी नीलम हसली. मग सगळेच हसले, मीही. संचालक मात्र हसले नाहीत. त्यांनी तुझी फाइल मागवली आणि माझ्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, की दोष वायरिंगचा होता, प्रसन्न यांचा नव्हता, आणि तसं त्यांना संस्थेकडून कळवावं. ते पत्र तुला सरकारी वेगाने मिळेल. तोवर माझं हे धर.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, की हे मी नीलमसाठी करतेय. निम्मं खरं होतं. तुझा डाग पुसल्याशिवाय तुला हाक मारायची नाही, असं मी ठरवलं होतं. तो पुसलाय, म्हणून आता मारते. मला तुझी फार आठवण येते. तुझी स्कूटर दर रविवारी मी चालू करून ठेवते, सरोजिनी नगरच्या मिस्त्रीकडे वर्षातून एकदा नेते. तू गेल्यापासून या गावात माझ्याशी मराठीत भांडायला कोणी नाही. अधिक महिना चालू आहे. माझी आई असती तर जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावून तेहतीस अनारसे ताटात ठेवले असते. ती नाही, तेव्हा बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं. अनारसे मला जमतील. मला काय जमत नाही?

नोकरीवर परत ये असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. नागपुरात तुझे विद्यार्थी आहेत, आई आहेत. नुसता ये. नाहीच यायचं असेल तर तसं लिही. पण लिही. वाचून गप्प बसू नकोस. सर्व्हरसुद्धा चूक दुरुस्त झाल्यावर पुन्हा लिहायला लागलाय.

आई, हे पत्र तुम्ही आधी उघडलं असेल तर हा परिच्छेद त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

मुक्ता


१३ जून

प्रसन्न,

पाकीट मिळालं. पत्र असेल म्हणून पोस्टमनसमोरच फोडलं, तर आत कॅलेंडरातलं जूनचं पान. नुसतं पान. दुधाचा हिशोब लिहिलेला आहे म्हणजे आईंच्या भिंतीवरचंच फाडलंयस. त्या आता महिनाभर एकादशी कशी शोधणार, याचा विचार केलास का?

मग दिसलं. महिन्याच्या शेवटी, पौर्णिमेच्या चौकटीपुढे लाल पेन्सिलीने उभी रेघ आणि बारीक अक्षरात 'इथून लखनौचा आषाढ'. त्याआधीच्या सगळ्या मंगळवारांना गोल. तुझं काम, दुसरं कोण इतकं गोल काढतं. आणि तेवीस तारखेच्या, शेवटच्या आठव्या मंगळवारच्या चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली दोन शब्द.

'पुऱ्या ठेव.'

ते पान मी नीलमला दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून ती सरळ चहा आणायला गेली.

भंडाऱ्यासाठी आता फाटकाबाहेर वेगळा जनरेटर येतो. व्हरांड्याच्या सॉकेटवर मी खिळा ठोकून फळी मारलीय. गेल्या तिन्ही मंगळवारी सर्व्हरच्या डायरीत ताप नाही, कुरकूर नाही, काही नाही. स्कूटरमध्ये पेट्रोल भरलंय. अधिक महिना सोमवारी संपतो, तू येशील तेव्हा अनारशांचा मुहूर्त टळलेला असेल. तरी मी पीठ भिजवणार आहे, मुहूर्ताला कोण विचारतो. कुठलं कॅलेंडर धरायचं त्यावर आपण आल्यावर भांडू.

पण एक गोष्ट आत्ताच सांगते. पुऱ्या ठेवणार नाही. भंडाऱ्याच्या पुऱ्या गरमच खायच्या असतात. तीन वर्षं मी वाट पाहिली, आता तू फाटकापाशी रांगेत उभा राहा. झारा त्या दिवशी माझ्या हातात आहे.

मुक्ता